चार टायर, तेरा इंची

नोरीनने टायरच्या कडेवर अंगठ्याचं नख रोवलं आणि जोर दिला. नख वाकलं, रबर जागचं हललं नाही.

"हा नको," ती म्हणाली.

"किंमत तर ऐक आधी," क्लिफर्ड म्हणाला.

"ऐकली. चौतीस पौंड. म्हणूनच नख लावून बघितलं."

काउंटरमागे गेनर प्रीसने चहाचा मग तोंडाशी नेला आणि तो जरा जास्तच वेळ तिथे धरून ठेवला. क्रेव्हन आर्म्स गावात गुरांच्या बाजारामागे तिचं टायरचं दुकान आहे. वडलांनी काढलेलं, आता ती एकटी बघते. निम्मी गिऱ्हाइकं मेंढरंवाली, ट्रेलर घेऊन येणारी. नवरा-बायको जोडीनेही येतात, पण बायको बहुधा बाहेर गाडीतच बसून राहते. नोरीन बेडोजची गोष्ट वेगळी. एकतीस वर्षं तिने क्लन नदीच्या खोऱ्यात टपालाची लाल गाडी चालवली होती. गेनरचा शाळेचा निकालही तिनेच आणून दिला होता आणि पाकीट हातात देताना म्हणाली होती, "उघडायच्या आधीच रडू नकोस. आत काय आहे ते बघ, मग ठरव."

"नोरीन, तुमचं बरोबर आहे," गेनर म्हणाली. "हा खरं तर ट्रेलरचा टायर. वीस मेंढ्या चढल्या तरी दबू नये म्हणून कडा अशा कडक करतात. तुमच्या गाडीचं वजन किती म्हणालात, क्लिफर्ड?"

"साडेपाचशे किलो. पेट्रोल धरून."

"म्हणजे बाजारातला वळू तिच्यापेक्षा भारी. हा टायर तिच्याखाली दबणार नाही, तापणार नाही. लाकडाची चाकं लावल्यासारखं होईल."

"तपासणीपुरतेच हवेत," क्लिफर्ड म्हणाला. "गोल असले, काळे असले, की झालं. पुढे तो माणूस स्वतःचे रुंद टायर घालणार आहे."

तो माणूस म्हणजे हिअरफर्डचा एक दातांचा डॉक्टर. दोन महिन्यांपूर्वी त्याने फोटो बघून गाडी पसंत केली होती. सरकारी तपासणी झाली, नंबर मिळाला, की मे महिन्यात तो ती घेऊन जाणार होता.

नऊ वर्षांपूर्वी क्लिफर्डने ही गाडी अकरा खोक्यांत भरून घरी आणली. सुटे भाग, पाइपांचा सांगाडा, अॅल्युमिनियमचे पत्रे, आणि हे सगळं एकमेकांना कसं जोडायचं ते सांगणारी एक वही. पाणीखात्यात पंप दुरुस्त करण्यात त्याचा जन्म गेला होता, हाताला काम हवं होतं. नोरीनने त्या वेळी एकच अट घातली. गाडी पुरी झाली, की विकायची. कारण गॅरेज एकच होतं, आणि खोकी आत आली तशी तिची स्वतःची गाडी बाहेर आली. त्यानंतर निवृत्त होईपर्यंतचे सहा हिवाळे ती पहाटे पाचला उठून काचेवरचा बर्फ खरवडत होती, तेव्हा आत घोंगडीखाली ही बया उबेत झोपलेली असायची. क्लिफर्डने अट मान्य केली होती आणि तो शब्दाचा पक्का होता. जाहिरात त्यानेच दिली. दोन ओळींच्या मजकुराला त्याला तीन दिवस लागले, हे नोरीनने बघितलं होतं.

गेल्या रविवारी गाडी पहिल्यांदा चालली. शेजाऱ्याच्या शेतात लढाईच्या काळातली विमानांची धावपट्टी आहे, आता तिथे गवताचे भारे रचलेले असतात. ट्रेलरवर घालून गाडी तिथे नेली. चाकांवर भंगारातल्या एका गाडीचे सोळा वर्षांचे टायर होते, बिस्किटासारखे कडक. क्लिफर्डने एक फेरी मारली आणि परत आला तेव्हा त्याच्या ओठांचा रंग गेला होता.

"चालते," एवढंच तो म्हणाला.

"सरक," नोरीन म्हणाली.

नऊ वर्षांत ती त्या गाडीत एकदाही बसली नव्हती. तिला ती न्हाणीघरातल्या टबाला चाकं लावल्यासारखी दिसायची. दार नाही, छप्पर नाही, बूड जमिनीपासून वीतभर वर. तिने पाठीमागे उशी घातली, डोक्याचा रुमाल हनुवटीखाली बांधला आणि निघाली. भाऱ्यांपाशी वळताना ओल्या काँक्रीटवर मागची चाकं घसरली. शेजारी बसलेल्या क्लिफर्डने दोन्ही हातांनी सांगाडा पकडला. नोरीनने ब्रेकला पाय लावला नाही. अॅक्सिलरेटरवरचा पाय हलकेच सैल केला, स्टिअरिंग थोडंसं घसरत्या बाजूला फिरवलं, जसं हिमात टपालाची गाडी फिरली की ती फिरवायची, आणि गाडी सरळ झाली. मग तिने आणखी चार फेऱ्या मारल्या. चौथ्या फेरीला क्लिफर्डने सांगाडा सोडला.

उतरल्यावर तिने रुमाल सोडून पुन्हा बांधला. ती म्हणाली, "टायर बदल."

आणखी एक तक्रार, एवढंच क्लिफर्डला वाटलं. म्हणून आज सकाळी तीही कोट घालून तयार दिसली तेव्हा तो म्हणाला, "तू कशाला येतेस? चार टायर तर आणायचेत." त्यावर ती म्हणाली, "मला लोकर घ्यायचीय." लोकरीचं दुकान वाटेत आलं आणि मागे गेलं. तिने मानही वळवली नाही.

गेनरने आतून आणखी दोन टायर आणले आणि भिंतीला टेकवून उभे केले.

"तेरा इंची चाकं आता कोणी वापरत नाही, म्हणून फारसे प्रकारही येत नाहीत. हा बघा. शर्यतवाले वापरतात."

नोरीनने नख लावलं. नख आत गेलं आणि खूण राहिली. क्लिफर्ड वाकला आणि त्याने टायरवरून तळवा फिरवला, कोणाचं तरी कुत्रं कुरवाळावं तसा.

"कितीला?" नोरीनने विचारलं.

"एकशे अठ्ठावीस. एक."

क्लिफर्डने हात मागे घेतला.

"आणि तापला तर रस्ता सोडत नाही," गेनर म्हणाली, "पण तापेपर्यंत तुम्ही घरी पोचलेले असता. थंड असताना काही खरं नाही त्याचं. शिवाय दोन-तीन हजार मैलांत संपतो."

"शर्यतवाल्यांनाच राहू दे. आणि हा?"

"हा जपानी. जुन्या छोट्या गाड्यांसाठी अजून काढतात. एकसष्ट पौंड. अरुंद आहे, कडा मऊ आहेत. हवा नेहमीच्या निम्म्याहून थोडी वर ठेवायची, अठरापर्यंत. तुमच्या गाडीला मी तरी हाच देईन. दिसायला काही नाही."

"मीही नाही," नोरीन म्हणाली. तिने खिशातून चष्मा काढून नाकावर चढवला, गुडघ्यावर हात ठेवून खाली बसली आणि टायरच्या कडेवरचे चार आकडे वाचले. "सहावा आठवडा, यंदाचा. ताजा आहे. पावसात कसा?"

"अरुंद असल्यामुळे बरा. हलकी गाडी आणि रुंद टायर म्हणजे पाण्यावर फळी टाकल्यासारखं, तरंगत जाते. हा पाणी कापतो."

"चौतीसवाले चार घेऊ," क्लिफर्ड म्हणाला. त्याने पहिला टायर उचलून काउंटरकडे घरंगळत न्यायला सुरुवात केली. "हिअरफर्डला पाऊस पडला तर तो डॉक्टर बघून घेईल. फुकट शंभराच्या वर पैसे घालायचे आणि त्याने ते काढून शेडमध्ये टाकायचे."

नोरीनने त्याच्याकडे बघितलं नाही. ती खालीच बसलेली होती. जपानी टायरच्या खाचांत बोट घालून ती खोली बघत होती.

"गेनर, तुला चॅपलचं वळण माहिती आहे ना, आमच्या वरचं?"

"न माहिती असून कसं चालेल? माझा भाऊ तिथेच कुंपणात गेला होता."

"तिथे ऊन येत नाही. बीचच्या झाडांची पानं पडतात आणि कुजून साबण होतो त्यांचा. वर मेंढ्यांची लेंडी." तिने बोट बाहेर काढलं आणि कोटाला पुसलं. "तिथे हा कसा राहील? नोव्हेंबरात?"

क्लिफर्ड थांबला. टायर त्याच्या मांडीला टेकून उभा राहिला.

गेनरने एकदा नोरीनकडे पाहिलं, मग क्लिफर्डकडे. मग ज्याला विचारलं जातं त्या दुकानदाराने द्यावं तसं तिने उत्तर दिलं. "कुठलाच टायर त्या वळणाला पुरा पडत नाही. पण हा आधी सांगतो. घसरायच्या आधी हाताला कळतं. कडक टायर सांगत नाही, एकदम सोडतो. हळू घ्याल तर नोव्हेंबरातही काही होणार नाही."

"मी हळूच घेते तिथे. दूधवाला समोरून येतो."

बाहेर बाजारात कोणीतरी लोखंडी फाटक ओढून घेतलं, मेंढ्यांचा एक लोंढा ओरडत पुढे सरकला आणि गप्प झाला. क्लिफर्डच्या खिशातला फोन वाजायला लागला. त्याने तो काढला, हात लांब करून पडद्यावरचं नाव वाचलं आणि वाजू दिला. थांबल्यावर परत खिशात घातला.

"महत्त्वाचा असेल तर घ्या की," गेनर म्हणाली.

"नाही. नंतर करीन. हिअरफर्डचा आहे."

तो चौतीस पौंडांच्या टायरला धरून उभा राहिला. त्याच्या तोंडावर जी आशा दिसत होती, ती त्याने बहुधा तिथे येऊ दिली नसती, पण त्याला कळलंच नाही.

"आणि तुझी गाडी?" त्याने विचारलं. "ती बाहेरच?"

"मी रिटायर झालेय, क्लिफर्ड. पहाटे पाचला कोणाला काच खरवडायचीय? दहाला निघायचं, तोवर बर्फ आपणच वितळतो."

"तूच म्हणाली होतीस, पुरी झाली की..."

"पुरी कुठे झालीय? टायर नाहीत तिला."

क्लिफर्डने यावर विचार केला. नऊ वर्षांत त्याने शेकडो बोल्ट आवळले होते आणि प्रत्येक बोल्टबरोबर गाडी जायचा दिवस जवळ आणला होता. गेल्या वर्षी तर पुढचा एक दिवा बसवायला त्याने अख्खा ऑक्टोबर घेतला होता. बायकोला वाटत होतं म्हातारा हळू झाला. निदान बायकोला तसं वाटतंय, असं त्याला वाटत होतं.

त्याने हातातला टायर उचलला, जिथून आणला होता तिथे परत नेऊन ठेवला आणि किमतीच्या पाट्या एका रेषेत येतील असा फिरवून नीट लावला.

"ते जपानी चार दे," तो गेनरला म्हणाला. "आणि आधीच सांगतो, पहिली फेरी मी मारणार नाही. माझं हृदय नाजूक आहे."

"हृदय नाही, बायको कडक आहे," नोरीन म्हणाली आणि उठायला हात पुढे केला. त्याने तिला ओढून उभं केलं. तिचा गुडघा कटकन वाजला, तिने तोंड वाकडं केलं, आणि तो हसला. नोरीनने त्याचा हात लगेच सोडला नाही.

गेनरने पावतीपुस्तक ओढलं. चार टायर, बसवणं, जुने फेकून देणं, असं लिहीत गेली. ट्रेलरवर घालून गुरुवारी गाडी आणा, सकाळी दहाच्या आत, मंगळवार-शुक्रवार बाजार असतो, गुरुवारी मोकळं असतं, असं म्हणाली. मग पेन्सिल थांबवून विचारलं, "एक राहिलं. टायर बसवले की चाकांचा कोन लावावा लागेल. मोठ्या गाडीत कोण बसतं याने फरक पडत नाही. तुमची इतकी हलकी आहे, की चालवणाऱ्याचं वजन सीटवर ठेवूनच लावायला हवा. मी वाळूची पोती ठेवते. किती किलोची ठेवू?"

डॉक्टरचं वजन क्लिफर्डला पाठ होतं. शंभर किलोचा माणूस त्या सीटमध्ये मावेल का, असं डॉक्टरनेच फोनवर दोनदा विचारलं होतं. स्वतःचंही क्लिफर्डला माहीत होतं, दवाखान्यात दर तीन महिन्यांनी लिहून घेतात. त्याने चष्म्याची दांडी कानामागे नीट बसवली आणि बायकोकडे न बघता, एखादा बोल्ट किती आवळायचा ते सांगावं तशा आवाजात म्हणाला, "साठ."

गेनरने साठ लिहिलं.

"त्रेसष्ट," नोरीन म्हणाली. "वाळूशी कशाला खोटं बोलायचं."