खुराड्यातला हात

आमच्या रुबे या गिरणगावातल्या नाट्यगृहात सगळ्यांत वरच्या, स्वस्त गॅलरीला खुराडं म्हणतात. माझी आई ब्लांदीन. तिनं जन्मभर नाटकं बसवली ती या खुराड्यातून. "गिरणीतली माणसं इथं बसतात. त्यांना ऐकू आलं नाही, तर नाटक झालंच नाही," म्हणायची. पॅरिसहून बोलावणी आली, ती गेली नाही. ती स्वतः भूमिका करणार असली की तालमीला वर मी बसायचे. शब्द पोचले की हात वर करायचा, लहानपणापासून हे माझं काम.

या हिवाळ्यात तिच्या घशाचं ऑपरेशन झालं. तरी तिनं म्हाताऱ्या राणीची भूमिका घेतली, आणि रंगीत तालमीला सगळ्यांदेखत सांगून टाकलं, "माझ्या लेकीचा, क्लोतिल्दचा, हात वर झाला नाही, तर राणीचं काम माझ्याऐवजी दरबारातली सिबिल करेल."

मी माझ्या तान्ह्या लुबिनला पोटाशी बांधून वर चढले. त्याला सर्दी झालेली. सारखं नाकापाशी बोट नेऊन त्याचा श्वास बघत होते.

आई बोलली. वाक्याचं शेपूट वाटेतच गळालं. मी हात वर केला नाही.

"अगं, कर की हात," खालून व्यवस्थापक मोर्तिएकाका म्हणाले. "झोप लागली का?"

"ऐकू नाही आलं, काका."

"मग माईक लावू. हल्ली सगळेच लावतात."

"हल्ली सगळे कवळ्याही लावतात, मोर्तिए," आई म्हणाली. "मी अजून माझ्याच दातांनी खाते."

ती सिंहासनाच्या पायरीवर बसली. मग म्हणाली, "माझा आवाज वाढणार नाही. तुमचा कमी करू. शिपायांनो, बूट काढा. बायांनो, पंखे मिटा. सिबिल, मी बोलताना माझ्या ओठांकडे बघ. तू बघितलंस की लोकही बघतील."

सगळा दरबार मोज्यांवर उभा राहिला. आई पुन्हा बोलली, आधीपेक्षाही हळू, एकेक शब्द जपून खाली ठेवावा तसा. लुबिनची घुरघुर थांबली. माझं बोट झटकन त्याच्या नाकापाशी गेलं. पाहिलं, तर तो टक्क जागा होता, रंगमंचाकडे तोंड करून.

शेवटचा शब्दही वर आला, अख्खा.

मी दोन्ही हात वर केले.

"एकच पुरे," आई खालून म्हणाली, आवाज जराही न चढवता. "दुसऱ्यानं पोराला धर."

तेही मला स्वच्छ ऐकू आलं.