डब्यातलं दोन बोटं पाणी

मित्रांनो, बेंबळीत मच्छिंद्रच्या घरी फळीवर एक जुना पितळी स्टोव्ह ठेवलेला आहे, तो मी. पंप मारून पेटवायचा, भर्रर्र आवाज करणारा. माझा बर्नर चांगला आहे, टाकी ठणठणीत आहे, वायसर तर नवं कोरं आहे. तरीही मला कुणी पेटवत नाही. का, ते सांगतो. गोष्ट सुखाची नाही, हे आधीच सांगून ठेवलेलं बरं.

माझा जन्म कारखान्यातला. पितळेचा पत्रा दाबून माझी टाकी केली आणि तिला डाख देऊन तीन पाय जोडले. सोलापूरच्या बाजारात मी चकाकत बसलो होतो. मच्छिंद्र तेव्हा गावच्या सोसायटीत नुकताच शिपाई म्हणून लागला होता. चूल फुंकून फुंकून बायकोचे, चांगुणाचे, डोळे लाल होत, ते त्याला बघवत नव्हतं. म्हणून त्याने मला घरी आणलं.

त्याची आई सुमनबाई मात्र मला बघून दारातच थबकली.

“ह्यो भुंगा घरात नगं बाबा. कवा भडकंल सांगता येतंय व्हय?”

चार दिवस म्हातारी माझ्याकडे पाठ करून जेवली. पाचव्या दिवशी तिची तंबाखू मळून होण्याआधी चहाला उकळी आली, आणि बाई विरघळली. मग गल्लीभर सांगत सुटली, “मच्छिंद्राच्या पाठीवर मला ह्यो पितळंचा ल्योक झालाय बगा!”

पाठोपाठ बहात्तरचा दुष्काळ आला. चांगुणा दिवसभर खडी फोडून यायची आणि फोड आलेल्या हातांनीच माझा पंप मारायची. सरपण कुणाकडेच नव्हतं. गल्लीतल्या बायका रेशनवर आलेल्या मिलो ज्वारीच्या लाल पिठाच्या पराती घेऊन रांगेने बसायच्या आणि माझ्यावर चार-चार घरांच्या भाकरी व्हायच्या. दुष्काळ सरल्यावर वैशाख पौर्णिमेला खीर शिजली, तीही माझ्यावरच. तेव्हा माझ्या अंगाला चिंच लावून मला सोन्यासारखं घासत. मी जरा फुगलो होतो, हे कबूल करतो.

पुढे बरे दिवस आले. मच्छिंद्रने दोन म्हशी घेतल्या आणि परसात गोबरगॅस बांधला. काडी लावली की जाळ! पंप नको, पिन नको, आवाज नको. गरज सरो नि वैद्य मरो, म्हणतात ना, तसं माझं झालं. मी फळीवर गेलो. पंपातलं चामडं वाळून चुरगळलं, बर्नरमध्ये काजळी साचली, टाकीच्या सांध्याला चीर पडली. कुणी साधी धूळसुद्धा झटकली नाही.

शहाऐंशी साली पावसाने पुन्हा तोंड फिरवलं. म्हशी छावणीला गेल्या. शेण नाही आणि ते कालवायला पाणी नाही, म्हणून गोबरगॅस बंद पडला. रानात बाभळीचे नुसते बुंधे उरले. टँकर आला की विहिरीत पाणी ओतत आणि तेच गढूळ पाणी लोक शेंदून नेत. त्या पाण्याने सुमनबाईला जुलाब लागले. दोन दिवसांत म्हातारीचे डोळे खोल गेले.

नर्सबाई घरी आल्या. त्यांनी बजावून सांगितलं, “पाणी खळखळा उकळा. गार झालं की साखर-मीठ घालून घोट घोट पाजत राहा. न उकळलेला एक थेंबही द्यायचा नाही. आता पुन्हा जुलाब लागले तर ह्या वाचणार नाहीत.”

दिवसातून तीनदा पाणी उकळायचं, तर जाळायचं काय? तेव्हा मच्छिंद्रला माझी आठवण झाली. त्याने मला पिशवीत घातलं आणि एस. टी.ने धाराशिवला गुंडाप्पाकडे नेलं. गुंडाप्पा स्टोव्ह दुरुस्त करण्यात नावाजलेला माणूस. मला बघून तो करवादला, “पितळंचं सोनं व्हतं रं हे! काय हाल केले ह्याचे?”

त्याने माझं हाड न् हाड सुटं केलं. बर्नर घासलेटात भिजवून तारेने खरवडला. चिरेला डाख दिला. नवं चामडी वायसर गोडेतेलात बुडवून बोटांनी मळून मऊ केलं. शेवटी काकडा पेटवून बर्नर तापवला आणि पंप मारला. भर्रर्र! इतक्या वर्षांनी माझा आवाज माझ्याच कानी पडला.

“ईस वर्सं मरत न्हाय ह्यो आता,” गुंडाप्पा म्हणाला.

त्या संध्याकाळी माझ्यावर पाणी खळखळा उकळलं. सुमनबाईने अंथरुणातूनच कान टवकारले आणि विचारलं, “आला का माजा धाकला?” दोन दिवस मी जीव तोडून जळलो. तिसऱ्या दिवशी म्हातारीने पेज मागितली. चांगुणाच्या तोंडावर हसू आलं. वाटलं, वाचली म्हातारी.

आणि मग ती चूक झाली. मित्रांनो, ही चूक सुकाळातल्या माणसाच्या हातून झालीच नसती.

आदल्या दिवशी टँकर आला तेव्हा घरातली सगळी भांडी भरली, म्हणून मच्छिंद्रने घासलेटचा रिकामा डबासुद्धा भरून आणला होता. ते वासाचं पाणी चांगुणाने भांड्यांना वापरलं. तळाशी दोन बोटं उरलं. ते तिने ओतून दिलं नाही, हात धुवायला होईल म्हणून तसंच ठेवलं. दुष्काळात पाणी कोण फेकतं? सकाळी सोसायटीत महिन्याचं घासलेट आलं. मच्छिंद्र घाईघाईने तोच डबा घेऊन गेला, त्यात घासलेट भरून आला आणि नरसाळं लावून माझ्या टाकीत ओतलं.

मला तत्क्षणी कळलं. पाणी जड, ते माझ्या तळाशी जाऊन बसलं, आणि माझी नळी तर तळातूनच ओढते. मी फुरफुरलो, थुंकलो आणि विझलो. चांगुणाने पुन्हा पंप मारला, पुन्हा विझलो. मी किती आक्रोश केला असेल! पण स्टोव्हच्या आक्रोशाला माणसं फुरफुर म्हणतात.

“निपल चोंदलंय,” मच्छिंद्र म्हणाला. त्याने गोधडीची जाड सुई घेतली आणि माझ्या केसाएवढ्या भोकात कोचली. भोक फाटलं. आता घासलेट आलं तरी पिवळा, धुरकट भडका उडायचा आणि लगेच विझायचा. शेजारच्या सरुबाईने आपल्या कुडाच्या काड्या मोडून आणून दिल्या. त्यांवर पाणी कोमट झालं आणि काड्या संपल्या.

सुमनबाईच्या घशाला कोरड पडली होती. ती सारखी हात पुढे करत होती.

“आत्या, वाईच दम धरा. उकळू द्या,” चांगुणा रडत म्हणाली.

“आन गं पोरी. उकळलंच हाय. वाफ दिसतीया मला.”

वाफ कुठली? सुनेचं रडणं बघवेना म्हणून म्हातारी खोटं बोलली. चांगुणाने पातेलं तिच्या ओठाला लावलं. रात्रीपासून पुन्हा जुलाब लागले आणि तिसऱ्या दिवशी सकाळी सुमनबाई गेली.

दिवसकार्य होताच मच्छिंद्र मला घेऊन तडक गुंडाप्पाकडे गेला. भर रस्त्यात ओरडला, “तुज्या दुरुस्तीनं माजी आई गेली!”

गुंडाप्पाने मला त्याच्या हातातून घेतलं. त्याने माझं झाकण उघडलं आणि पोटातलं सगळं एका काचेच्या ग्लासात ओतलं. वर घासलेट तरंगलं, खाली पाणी बसलं.

“मच्छिंद्रा, हे पानी कुटनं आलं?” त्याने हळूच विचारलं.

मच्छिंद्रने ग्लास हलवून पाहिला, पाणी पुन्हा खालीच बसलं. डबा त्याला आठवला. तळाशी पाणी कुणी राखलं असेल, तेही त्याला कळलं. तो तिथंच मातीत बसला आणि लहान पोरासारखा रडला. गुंडाप्पाने नवं निपल बसवलं आणि मला पेटवून पाहिलं. निळी ज्योत आली. त्या ज्योतीची मला लाज वाटली.

घरी चांगुणा उंबऱ्यातच उभी होती. “काय म्हनला गुंडाप्पा? पंप मारताना माजं काय चुकलं का वो?”

मच्छिंद्रने मला नेऊन फळीवर ठेवलं.

“तुजं काय बी चुकलं न्हाय. स्टोच खोटा निघाला. ह्याला आता हात लावू नगंस.”

तेव्हापासून मी फळीवर आहे. येता-जाता चांगुणा मला शिव्याशाप देते. सासू खाल्लीस म्हणते. ती घरात नसली की मच्छिंद्र मला खाली घेतो, फडक्याने पुसतो आणि परत ठेवतो. मला पेटता येतं, मित्रांनो. आजही येतं. पण मी एकदा निळा पेटलो, तर चांगुणा विचारेल की मग त्या दिवशी काय झालं होतं. म्हणून मी जळायचं नाही.

तुमच्या घरातली एखादी वस्तू अडली, तर तिच्यात सुई कोचण्याआधी तिच्या पोटात काय ओतलंय ते एकदा बघा. आणि एवढी कृपा करा, कधी बेंबळीला आलात, तर चांगुणाबाईसमोर माझी बाजू घेऊ नका.