ओवाळणीचं मशीन

गेलं वर्षभर सुचितानं आपल्या भावाचं कौतुक सांगून सांगून गावाचे कान किटवले होते. नळावर, रेशनच्या रांगेत, हळदीकुंकवाला, अगदी मयताच्या घरी बसायला गेली तरी बोलणं फिरून फिरून स्वप्निलवरच यायचं. बाया तोंडावर हसायच्या आणि तिची पाठ वळली की म्हणायच्या, "आली भावाची बहीण!" म्हणेनात का. कुणाच्या भावानं भाऊबीजेला काय घातलं होतं असं? साडी, पाकीट, फार तर नाकातली चमकी. तिच्या भावानं ताटात तिच्या पोरीचा जीव घातला होता.

आणि हे काही उगाच फुगवून सांगणं नव्हतं. तिची लेक राही सात वर्षांची असताना तिला साखर निघाली. म्हाताऱ्याकोताऱ्यांची नव्हे, पोरांना होते ती. अंगात इन्सुलिन बनतच नाही, ते जन्मभर बाहेरून टोचायचं. दिवसातून चार सुया. पोटाला, मांडीला, दंडाला. सुई कमी पडली तर साखर चढते, जास्त झाली तर उतरते, आणि उतरली की पोर घामाघूम होऊन गार पडते. एकदा पहाटे अशीच पडली. दातखीळ बसलेली, डोळे पांढरे. सुचिताचा नवरा जीवन श्रीवर्धनला सुपारीच्या वखारीत कामाला. त्यानं शेजारचा टेम्पो काढला आणि म्हसळ्याच्या दवाखान्यापर्यंतच्या साऱ्या वळणांवर सुचिता पोरीच्या हिरड्यांना गूळ चोळत बसली. पोर वाचली. पण सुचिताची झोप त्या दिवशी गेली ती गेलीच. रात्रीत दोनतीनदा गजर लावून उठायचं आणि पोरीच्या मानेखाली हात घालून घाम आलाय का बघायचं, हाच तिचा नेम झाला.

स्वप्निल तिचा धाकटा भाऊ. नवी मुंबईत महाप्याला एका कंपनीत इंजिनियर, आणि ती कंपनी नेमकं याच आजाराचं मशीन बनवत होती. काड्यापेटीपेक्षा जरासं मोठं. ते कमरेला लावायचं. त्यातली बारीक नळी पोटाच्या कातडीत. दंडावर रुपयाएवढी चकती, तिला सेन्सर म्हणायचं. चकती दर पाच मिनिटांनी साखर बघणार, मशीनला कळवणार, आणि मशीन हवं तेवढंच इन्सुलिन सोडणार. साखर उतरायला लागली की आपणहून थांबणार, वर केकाटून अख्खं घर उठवणार. आईनं केलं असतं ते सगळं, आणि ते न झोपता.

गेल्या भाऊबीजेला स्वप्निलनं काय थाट केला होता! ओवाळून झाल्यावर खिशात हात घालेना. "थांब, थांब," म्हणाला, शेजारच्या नीराबाईला हाक मारून बोलावून घेतलं, आणि सगळ्यांसमोर तो पांढरा डबा निरांजनाशेजारी ताटात ठेवला. "ही माझी ओवाळणी. माझ्या भाचीला आता कुणी टोचायचं नाही." सुचिताला तिथंच रडू फुटलं. सासू सगुणाबाई, जिनं सुनेच्या माहेराला आयुष्यात कधी चांगलं म्हटलं नाही, तिनंसुद्धा स्वप्निलवरून कडाकडा बोटं मोडली.

दुसऱ्या दिवशी मशीन बसवायला पनवेलच्या डॉक्टरांकडे गेले, तेव्हा डॉक्टरांनी काही लपवलं नाही, हेही सांगायला हवं. त्यांनी जीवनला समोर बसवून स्वच्छ मराठीत सांगितलं की ही चाचणी आहे, वर्षभराची आहे, नंतर मशीन कंपनीचं. जीवन सही करायचा थांबला. तेव्हा स्वप्निल त्याच्या खांद्यावर हात ठेवून हळूच म्हणाला, "दाजी, त्यांना असं बोलावंच लागतं. मी आहे ना."

मी आहे ना! डॉक्टर पडला परका. इकडे भावानं निरांजनाशेजारी ठेवलेली वस्तू. बहिणीनं कुणाचं ऐकायचं? ओवाळणीत घातलेलं परत जातं, असं आपल्याकडे कुणी कधी ऐकलंय का? सुचितानंही नव्हतं ऐकलं. ती घरी आली आणि पाच वर्षांत पहिल्यांदा उजाडेपर्यंत झोपली. सगुणाबाईंना वाटलं सून आजारी पडली.

मशीनबरोबर दर रविवारी स्वप्निलचा फोनही आला. चकती पडली का? कधी पडली? किती घाम होता? फोटो पाठव. आपल्याकडची हवा ही अशी, चिकचिकाटाची. कंपनीतल्या गार खोलीत महिना-महिना टिकणारा डिंक इथं लावणीच्या दिवसांत दुपारपर्यंत सुटायचा. मग कंपनी नवा डिंक पाठवायची. एकानं दंड लाल झाला, एकानं फोड आले, एकानं कातडी सोलून निघाली. राही ओठ आवळून फोटो काढू द्यायची. "मामाला उपेग होतो ना, मग होऊ दे," म्हणायची. तिच्या दोन्ही दंडांवर काळपट डाग राहिले ते राहिलेच. सुचिता लोकांना सांगायची, "दर आयतवारी फोन करतो भाचीसाठी. लाखात एक हाय माझा भाव." पावसाळा संपता संपता एक डिंक असा आला की राही खाडीत डुंबून आली तरी चकती जागची हलली नाही. त्या रविवारी स्वप्निल फोनवर ओरडलाच आनंदानं.

पोर तर बदलूनच गेली. तेराव्या वर्षी तिनं गणपतीत मोदक खाल्ला. किती गोड खाणार तो आकडा मशीनवर टाकला आणि खाल्ला. शाळेची सहल डिसेंबरात निघणार होती. आजवर बाई तिला कधी नेत नसत, जबाबदारी कोण घेणार म्हणून. यंदा स्वतःच म्हणाल्या, "मशीन आहे ना? मग चल." राहीनं सहलीची पिशवी दिवाळीच्या आधीच भरून ठेवली होती.

यंदाच्या भाऊबीजेला स्वप्निल नव्या गाडीतून आला. सुचितानं वडे तळले होते, कोंबडी शिजवली होती. दारात झोडणीचं भात पसरलेलं, ते तिनं सकाळीच एका अंगाला सारून गाडीला वाट केली होती. राही मामाच्या मागं मागं, हे बघ, ते बघ, आज दिवसभर साखर कशी सरळ रेघेत हाय बघ. मामा "वा, वा" म्हणत होता आणि बघत होता भिंतीकडे. ओवाळल्यावर त्यानं भारीतली साडी ताटात ठेवली. या वेळी नीराबाईला हाक मारली नाही. जेवायला बसला तर वडा मोडून मोडून नुसता चिवडत राहिला.

"ताई, एक बोलायचं होतं," हात धुतल्यावर म्हणाला.

"मग बोल की. परवानगी कसली मागतोस, सासू हाय मी तुझी?"

तो हसला नाही. "चाचणी संपली. सगळ्यांची मशीनं परत घेतायत. मीच म्हटलं, माणूस कशाला पाठवता, मी भाऊबीजेला जातोच आहे."

सुचिताला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा हातातलं फडकं तिनं खाली ठेवलं. "म्हंजे तू ओवाळून घ्यायला न्हाय आलास. मशीन न्यायला आलास."

"तसं नाही ताई. डॉक्टरांनी तेव्हाच सांगितलं होतं—"

"डॉक्टरांनी सांगितलं. आनि तू काय सांगितलंस?"

खांबाला टेकून बसलेल्या सगुणाबाई पुढं सरकल्या. "आरं, पोरीच्या अंगावर चढवलेलं उतरवून नेतात व्हय कोन? फुटकी बांगडी सुदिक नेत न्हाय रं."

"न्हाय दिलं तर?" तिथंच बसलेल्या जीवननं विचारलं.

"तर कंपनी तिथूनच बंद करेल, दाजी. आणि नळ्या, चकत्या आता येणार नाहीत. त्याच्याशिवाय तो नुसता डबा आहे." मग जरा हुरूप आल्यासारखं करून म्हणाला, "पुढच्या महिन्यात बाजारात येतंय. आपल्या दमट हवेत टिकणारं पहिलं मशीन, अशीच जाहिरात आहे. तुम्हाला विकत घेता येईल... म्हणजे सध्या जरा महाग आहे."

"आपली दमट हवा," सुचिता म्हणाली. "ती हवा कुणाच्या दंडावर बघितली रं तुमी?"

त्यानं मान खाली घातली. सुचिताला त्याच्या थोबाडीत द्यावीशी वाटली, आणि त्याच वेळी कुठंतरी एक वेडी आशाही होती की हा आता म्हणेल, ताई, मी भांडलो गं, साहेबांच्या पाया पडलो, ऐकलं नाही त्यांनी. तेवढं म्हणाला असता तर तिनं मशीन त्याच्या हातात दिलं असतं, वर कोंबडीचा डबा भरून दिला असता. खरंच दिला असता. बहिणीला आणखी काय लागतं?

"एकच सांग," ती म्हणाली. "तुझी कंपनी. तुझी सख्खी भाची. हिच्यापाशी ऱ्हाऊ द्या, असं तू विचारलंस का कुणाला?"

"विचारून काही उपयोग—"

"विचारलंस का? व्हय का न्हाय?"

"नाही."

"का?"

"आत्ताच मला टीम दिलीये, ताई. त्या डिंकामुळेच दिली. लगेच घरच्यांसाठी काही मागितलं तर... बरं दिसत नाही."

सुचिता हसली. "बरं दिसत न्हाय. आनि गेल्या वर्षी दुसऱ्याचं मशीन माझ्या ताटात ठेवलंस, ते बरं दिसावं म्हनून?"



राही केव्हापासून उंबऱ्यात उभी होती कुणास ठाऊक. "आई, नको भांडू," ती म्हणाली. "मी काढते." तिनं मशीनची बटणं दाबली, पोटावरची नळी सोडवली. मग दंडावरची चकती ओढायला लागली. ती निघेना. लावणीच्या दिवसांत दुपारपर्यंत गळून पडणारी चकती, आता कातडी ताणली तरी सुटेना. पोरीच्या डोळ्यांत पाणी आलं.

"तेल लाव," स्वप्निल पुटपुटला. "तेलानं डिंक सुटतो."

अभ्यंगाचं तेल वाटीत उरलं होतं. सुचितानं ते बोटानं चकतीच्या कडेकडेनं चोळलं, हळूहळू, फुंकर घालत, आणि चकती काढली. खाली कातडी पांढरी पडली होती. स्वप्निलनं पिशवीतून इन्सुलिनची पेनं आणि डॉक्टरांनी लिहून दिलेला कागद काढला. लगेच एक सुई द्यायला हवी, म्हणाला. सुचितानं पेन घेतलं, पण ते नुसतं उलटंसुलटं फिरवत राहिली. वर्षात सवय मोडली होती. राहीनं ते तिच्या हातातून काढून घेतलं, झगा वर केला आणि स्वतःच टोचून घेतलं.

मग सुचिता उठली. देवघरातून ओवाळणीचं ताट आणलं, विझलेलं निरांजन पुन्हा लावलं, शेजारी मशीन ठेवलं, चकती ठेवली आणि ताट भावासमोर धरलं.

"उचल."

"ताई, असं नको ना करू."

"का? ठेवताना सगळ्यांसमोर ठेवलंस. उचलताना लाज वाटते? नीराबाईला बोलवू?"

"ताई..."

"न्हाय ना? मग उचल. तुझ्या हातानं ठेवलंस, तुझ्या हातानं उचल."

स्वप्निलनं जीवनकडे बघितलं. जीवन बाहेर भाताकडे बघत होता. शेवटी स्वप्निलनं हात पुढं केला आणि मशीन उचललं. ते पिशवीत घालताना त्याचा चेहरा रडवेला झाला होता. सुचितालाही भडभडून आलं होतं, पण त्याच्यासमोर ती रडली नाही.

"ती साडी पन दे त्याला," सगुणाबाई कडाडल्या.

"नको," सुचिता म्हणाली. "साडी त्याची हाय. त्याचं त्यानं दिलं, ते मी घेतलं."

तो निघाला तशी ती रीतीप्रमाणे अंगणापर्यंत गेली. तो वाकून पाया पडला. तिनं पडू दिलं. गाडीचं दार उघडून तो घुटमळत उभा राहिला, काहीतरी ऐकायची वाट बघत. आतून राहीचा आवाज येत होता. आजीला सांगत होती, सहलीला जायचंच नव्हतं तिला, तिथं नुसतं चालायचंच असतं म्हणून.

"पुढच्या भाऊबीजेला ये," सुचिता म्हणाली. "भाव हायस, यायचं. ओवाळीन तुला."

त्याचा चेहरा जरा उजळला.

"पन मोकळ्या हातानं ये. माझ्या ताटात परत काय ठेवू नको."

गाडी वळणाआड गेली. सुचितानं दारातलं भात पुन्हा सारखं पसरलं, पायरीवर टेकली आणि मोबाइलवर पुन्हा रात्रीचे गजर लावायला लागली.