आतून लागणारी कडी

मित्रांनो, मी एक जुनी पितळी कडी आहे. लांबीने तुमच्या वितीएवढी, रंगाने थोडी काळपट. पण जिथे रोज बोटं लागतात तिथे मात्र पिवळीधमक. बेलापूरच्या एका ऑफिसच्या इमारतीत, तळमजल्यावर, जिन्यामागे एक मोरी आहे. तिच्या दाराला आतल्या बाजूने मी बसवलेली आहे. मोरीच्या कडीची ती काय गोष्ट असणार, असं तुम्हाला वाटेल. पण ऐका तर खरं.

माझा जन्म पनवेलच्या एका कारागिराच्या भट्टीपाशी झाला. वितळलेलं पितळ त्याने वाळूच्या साच्यात ओतलं, मी निवले, मग कानशीने त्याने माझे काठ घासले. सारसोळ्याच्या एका कोळ्याने मला विकत घेतलं आणि जाळी ठेवायच्या खोलीच्या दाराला बाहेरून बसवलं. तीस वर्षं मी त्याची जाळी, दोर आणि वल्ही सांभाळली. खारा वारा लोखंड खाऊन टाकतो; माझं त्याने काही वाकडं केलं नाही. "काय कडी हाय! कुठून आनली?" असं पाहुण्यांनी विचारलं की मला फार बरं वाटायचं.

पुढे खाडीत मासा कमी झाला. जाळी विकली गेली आणि त्या खोलीच्या जागी चार मजली इमारत उभी राहिली. पाडकामाच्या आदल्या दिवशी त्या कोळ्याच्या मुलाने, गोटीरामने, माझे चारही स्क्रू सावकाश फिरवून मला काढून घेतलं. गोटीराम या ऑफिसच्या इमारतीत दुरुस्तीची कामं करायचा. नळ गळला, खुर्ची मोडली, दिवा गेला की त्यालाच हाक. जिन्याखाली त्याचा हत्यारांचा डबा असे. त्याच डब्यात त्याने मला ठेवलं, आणि मित्रांनो, तो मला विसरून गेला. वाकडे खिळे आणि जुने वायसर यांच्यात मी आठ वर्षं पडून होते. दिसायचं काही नाही. ऐकू मात्र सगळं यायचं.

रोज सकाळी नवाच्या सुमारास बाहेर सायकलचं स्टँड खटकन लागायचं. ती क्रांती. तिचं घर कळंबोलीला. तिचे वडील मारोती मराठवाड्यातून आलेले. लोखंडाच्या बाजारात माथाडी काम करून त्यांची कंबर गेलेली. क्रांती तिसऱ्या मजल्यावरच्या ऑफिसात दर्शनी टेबलावर बसायची. येणारा माणूस पहिल्यांदा तिच्याशीच बोलायचा. बसने यायचं तर दोन बस बदलून सव्वा तास जायचा. सायकलने चाळीस मिनिटं.

"आणि काका, त्या चाळीस मिनिटांत मला कोणीच काय सांगत नाय," ती एकदा गोटीरामला हसत म्हणाली होती.

पण कळंबोलीचा रस्ता ट्रकांचा. पुढे मी रोज पाहिलं, इथे पोचेपर्यंत तिच्या कपाळावर धूळ बसलेली, मानेवर घामाचे काळे ओघळ, टीशर्ट पाठीला चिकटलेला. म्हणून ती अर्धा तास आधी यायची. या मोरीत हातपाय, तोंड धुवायची, ओल्या पंच्याने मान पुसायची आणि बॅगेतला इस्त्रीचा कुर्ता घालून, केस विंचरून वर जायची.

या दाराला तेव्हा कडी नव्हती. जी होती ती गंजून केव्हाच गळून पडली होती. क्रांती पाण्याने भरलेली बादली दाराला लावायची आणि आत असेपर्यंत मोठमोठ्याने गायची. अगदी बेसूर. मी डब्यात पडून ते गाणं ऐकायची आणि मनात म्हणायची, किती आनंदी मुलगी आहे ही! आत कोणीतरी आहे हे बाहेर कळावं म्हणून ती गात होती, हे मला फार उशिरा समजलं.

एका सकाळी बादली सरकली. दुसऱ्या मजल्यावरचे एक साहेब संडास शोधत आले होते. त्यांनी दार ढकललं. क्रांती किंचाळली. साहेब मागे झाले, पण माफी मागायची सोडून जिन्यापाशी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "ही काय आंघोळीची जागा आहे? ऑफिस आहे हे!"

दुसऱ्या दिवसापासून सायकलचा आवाज येईना.

पाचव्या दिवशी गोटीरामने तिला जिन्यातच थांबवलं. "काय गो पोरी, तुझी सायकल दिसत नाय?"

"पंक्चर आहे, काका."

"पंक्चर मी काढतो. कुठं हाय ती?"

क्रांती जिना चढू लागली.

"कोनी काय बोललं तुला?"

मग तिने सगळं सांगितलं. दार, बादली, ते साहेब. सांगताना तिचा आवाज बारीक होत गेला. "बसने येते आता. उशीर होतो, मॅडम बोलतात. पण चालेल. तसं परत नको."

क्रांती वर गेल्यावर गोटीरामने डबा ओढला आणि सगळा जमिनीवर पालथा केला. खिळे घरंगळले. त्यांच्या मागोमाग मी बाहेर पडले. आठ वर्षांनी मला उजेड दिसला. त्याने मला शर्टाच्या बाहीवर पुसलं आणि पुटपुटला, "आयला, तू हितंच व्हतीस!"

दाराची कड पाण्याने फुगून पोकळ झाली होती. तिच्यात स्क्रू धरेना. त्याने ती तेवढी कापून काढली, सागाची पट्टी ठोकली आणि मला बसवलं, या वेळी आतल्या बाजूने. मित्रांनो, आजवर मी बाहेरून लागायची आणि वस्तू राखायची. आता मला एक माणूस राखायचं होतं. खरं सांगते, मला धाकधूक वाटत होती.

कडी बसल्याचं गोटीरामने क्रांतीला सांगितलं आणि सोमवारी सायकल आली. क्रांतीने मला सरकवलं, दार ओढून पाहिलं, पुन्हा ओढून पाहिलं. मग तिने नळ सोडला. त्या दिवशी ती गायली नाही. सावकाश तोंड धुतलं, कोपरापर्यंत हात धुतले, डोळे मिटून मानेवर गार पाण्याचा पंचा नुसता धरून ठेवला. ती बाहेर आली तेव्हा गोटीराम जिन्याखाली काहीतरी शोधत असल्यासारखा उभा होता.

"लागते ना गो नीट?"

"मस्त लागते, काका."

पण त्या दिवशी आणखी एक गोष्ट घडली. इमारतीची झाडलोट करणाऱ्या पुतळाबाई दुपारी आत आल्या. त्यांनी मला पाहिलं, बोट लावलं, सरकवलं. मग बादली पालथी घालून तिच्यावर बसल्या. त्या काहीच करत नव्हत्या. पाच-सात मिनिटं नुसत्या बसून राहिल्या, आणि मग डोळ्यांना पदर लावला.

बाहेर आल्यावर त्या गोटीरामला म्हणाल्या, "भाऊ, अकरा वर्षं झाली मला इथं. रोज या दाराला पाठ लावून लुगडं बदलते मी."

गोटीरामचं तोंड उतरलं. "मंग मला बोलला का नाय कधी? मी हितंच तर असतो."

"सांगायचं असतं हेच कुठं ठाऊक होतं?" पुतळाबाई म्हणाल्या. त्यांच्या बोलण्यात राग नव्हता, म्हणून ते गोटीरामला जास्तच लागलं.

दहा-बारा दिवस छान गेले. मग एका सकाळी इमारतीचे व्यवस्थापक हौसेराव साहेब नवंकोरं कुलूप घेऊन आले. दुसऱ्या मजल्यावरच्या त्या साहेबांनी लेखी तक्रार केली होती.

"गोटीराम, ही कडी कोणी लावायला सांगितली?"

"कोनी नाय, साहेब. मीच लावली."

"काढा आणि बाहेरून बसवा. हे कुलूप घाला. उद्यापासून इथे जुन्या फाइली ठेवायच्या आहेत."

गोटीरामच्या निवृत्तीला दोन वर्षं उरली होती. आजवर त्याने कोणाला नाही म्हटलं नव्हतं. तो दाराशी बसला. त्याचा स्क्रूड्रायव्हर माझ्या पहिल्या स्क्रूला लागला तेव्हा माझा तर जीवच गेला. पहिला स्क्रू निघाला.

तेवढ्यात पुतळाबाई पिशवी घेऊन आल्या. त्यांनी कुलूप पाहिलं, साहेबांना पाहिलं. "जरा सरका, भाऊ," म्हणाल्या, आत गेल्या आणि मला सरकवलं. तीन स्क्रूंवर मी सगळं बळ लावून उभी राहिले.

"अहो मावशी, काम चाललंय! बाहेर या."

"कपडे बदलतेय, साहेब."

"नंतर बदला."

"नंतर कुठं, साहेब?"

ऑफिसला येणारी माणसं जिना चढताना थांबून बघू लागली. बाई आत कपडे बदलते आहे आणि बाहेर हे गृहस्थ हातात कुलूप घेऊन उभे! क्रांतीही सायकल लावून बॅग घेऊन आली आणि हौसेरावांच्या मागे रांगेत उभी राहिली. आत पुतळाबाईंनी पाय धुतले, कामाची निळी साडी नेसली, निऱ्या नीट केल्या. त्यांनी मुळीच घाई केली नाही.

हौसेरावांनी हळूच विचारलं, "आधी कुठे बदलायच्या या?"

"हितंच."

"कडी नव्हती ना?"

"नव्हती, साहेब."

मी सरकले. पुतळाबाई बाहेर आल्या आणि झाडू घेऊन कामाला लागल्या. हौसेरावांनी एकदा त्यांच्याकडे, एकदा क्रांतीकडे पाहिलं आणि कुलूप खिशात घातलं.

"गोटीराम, तो स्क्रू परत लावा," ते म्हणाले. "फाइली गच्चीवरच्या खोलीत नेऊ."

मित्रांनो, तेव्हापासून मी इथेच आहे. आता बाहेर चार सायकली लागतात. दिवाळे गावचा रूपेश येतो, नेरुळची सोनम येते. घामेजलेली, धुळीने माखलेली माणसं आत येतात आणि ताजी, हसरी होऊन बाहेर पडतात. त्यांना ताजं करतं ते पाणी. मी फक्त तेवढा वेळ दार धरून ठेवते.

एक मागणं आहे. तुमच्या शाळेत, सोसायटीत, आईबाबांच्या कामाच्या जागी एखाद्या दाराची कडी मोडलेली असेल. रोज कोणीतरी त्या दाराला पाठ लावून उभं राहत असेल आणि कोणाला काही सांगत नसेल. कोणी सांगेल म्हणून थांबू नका. आज जाल तेव्हा दार आतून लावून बघा, आणि लागलं नाही तर कोणाला तरी जाऊन सांगा.