मला देव करू नका

मी एक हिरवा दगड बोलतोय. आळशी माणसाला तुम्ही 'दगडासारखा काय बसलास' म्हणता, ते मला अजिबात पटत नाही. मला तर बसवतच नाही. खालापूर तालुक्यात, लोधिवलीजवळच्या एका घरात मी वर्षानुवर्षं आहे, पण एक दिवस स्वस्थ गेला असेल तर शपथ.

माझं घर समुद्रापार, न्यूझीलंडमध्ये. तिथल्या एका थंडगार नदीत मी पडलो होतो. तिथले माओरी लोक माझ्या जातीच्या दगडाला पौनामू म्हणतात. एका म्हाताऱ्याने मला उचललं, पाणी घालून महिनोन् महिने घासलं आणि गळ्यात घालायची मूर्ती केली. मान कलती, डोळे वाटोळे, तोंड उघडं. मी देखणा नाही, पण मानाचा आहे. असा दागिना आमच्यात आपला आपण घेत नाहीत, तो कुणीतरी प्रेमाने द्यायचा असतो. आणि पेटीत तर ठेवायचाच नाही. तो अंगावर हवा, कातडीला लागून.

त्या म्हाताऱ्याने मला नातवाच्या, विरेमूच्या, गळ्यात घातलं. दुसऱ्या महायुद्धात विरेमू पलटणीत भरती झाला आणि मला घेऊन इटलीच्या डोंगरात लढायला गेला. तिथे तो पोटात गोळी लागून पडला. इस्पितळाच्या तंबूत शेजारच्या खाटेवर मराठा पलटणीतला नागू होता, पाय जायबंदी झालेला. भाषा दोघांची निराळी, पण सिगारेटी आणि खाणाखुणांवर दोस्ती जमली. शेवटच्या सकाळी विरेमूने नागूला जवळ ओढून त्याच्या कपाळाला कपाळ आणि नाकाला नाक टेकवलं. आमच्यात असाच श्वास वाटून घेतात. नागू बिचारा दचकला. मग विरेमूने मला त्याच्या गळ्यात घातलं आणि एवढंच म्हणाला, "मदर."

दुपारी तो गेला.

तेव्हापासून माझी तगमग सुरू झाली. माओरी माणूस गेला की त्याला क्षणभर एकटं सोडत नाहीत. बायका उंच आवाजात हाका घालतात, शेजारी बसून रडतात, नाकाडोळ्यांतलं पाणी पुसतसुद्धा नाहीत. देह परमुलखात राहिला तर त्याची एखादी वस्तू समोर ठेवून रडतात. विरेमूची ती वस्तू म्हणजे मी. आणि मी निघालो होतो कुठे, तर खालापूरला!

नागू लंगडत गावी आला, येसूबाईशी लग्न केलं, भातशेती धरली. विरेमूच्या आईचं ना नाव ठाऊक, ना गाव. विचारणार कुणाला? पण त्याने मला गळ्यातून काढलं नाही, त्यामुळे माझं बरं चाललं होतं.

मग त्यांचा एकुलता एक मुलगा गजा तापाने फणफणला. नागूने त्याला रात्रभर छातीशी धरलं. पोराचा गाल माझ्यावर टेकलेला. सकाळी ताप उतरला आणि नागूच्या आईची, सोनुबाईची, नजर माझ्यावर पडली.

"अरं, ह्यो तर वेताळ हाय! जागृत हाय. याला घालून चिखल तुडवतोस व्हय रं? देव्हाऱ्यात बसव."

"आये, त्यो देव नाय. दोस्ताचा हाय."

"दोस्ताचा आसंना. देव कुणाच्या हातनं घरात यील, सांगता येतंय का?"

आईपुढे नागूचं काही चाललं नाही. मी ताम्हनात जाऊन बसलो. शेजारी टाकातला खंडोबा. तो आपल्या मुलखात होता, त्याला काय! मला दूध, मला नारळ, मला सणासुदीला शेंदूर. पुटावर पुटं चढून डोळेसुद्धा बुजले. देव होण्यासारखी शिक्षा नाही. सगळे हात जोडतात, पण कुणी हात लावत नाही. येसूबाईला रडू आलं की ती मागच्या दारी जाई, कारण देवापुढे रडू नये. मला हवं होतं नेमकं तेच! सोनुबाई वारली तरी रिवाज सुटला नाही. नागू कामावर जाताना माझ्याकडे बघून थबके, आणि निघून जाई. लढाईबद्दल त्याने घरात कधी अवाक्षर काढलं नाही.

गजा मोठा झाला, बापासारखाच पलटणीत गेला. एकाहत्तरच्या लढाईत तो पडला. सीमेवरच त्याला अग्नी दिला म्हणे. घरी आली ती त्याची ट्रंक.

येसूबाई रडेना. बाया म्हणाल्या, हिला कुणीतरी रडवा गं. दोन दिवस ती नुसती बसून होती. मग उठली, तरातरा देव्हाऱ्याशी आली आणि मला उचलून अंगणात भिरकावलं.

"एवढं दूध घातलं, शेंदूर लावला! माझं एक पोर राखवलं नाय तुला?"

मी धुण्याच्या दगडावर आपटलो. शेंदराचा एक पोपडा उडाला. नागूने खुरडत येऊन मला उचललं.

"येसू, त्यो देव नाय गं. त्यो बी कुणाचा तरी पोरगाच हाय. लढाईत माझ्या बाजूला मेला. आईला द्यायला सांगितलंन. माझ्याच्यानं झालं नाय."

येसूबाईने विचारलं, "त्याच्या आईला कळलं आसंल?"

"सरकारनं कळवलं आसंल."

"तसं नव्हं. मरताना जवळ कोन व्हतं, काय बोलला, ह्ये?"

"नाय."

"मंग माझ्यावानीच की गं बाई ती!"

ती तिथेच अंगणात बसली. खोबरेल चोळून, करवंटीच्या कडेने माझा शेंदूर खरवडू लागली. माझे डोळे उघडले. तिने मला मांडीवर घेतलं.

"नाव काय व्हतं त्याचं?"

"विरेमू."

मग तिने हंबरडा फोडला. "माझ्या गजा रं! माझ्या इरेमू रं!" आळीतल्या बाया धावून आल्या, तिच्या गळ्यात पडल्या आणि ती घेईल ते नाव घेऊन रडू लागल्या. पाणी माझ्यावर टपटपत होतं. कुणी पुसलं नाही.

आता नागू नाही. येसूबाई थकली आहे आणि मी तिच्या गळ्यात आहे, काळ्या दोऱ्यात. इथे ऊब आहे, माया आहे, तरी माझा जीव घराकडे ओढतो. रस्त्याने ट्रक गेला की वाटतं, हा बंदराकडे चालला असेल. बाबांनो, तुमच्यापैकी कुणी त्या मुलखात गेलात तर विरेमूची आई शोधा. ती नसेल तर तिच्या माणसांना गाठा. त्यांना सांगा, तुमचा पोरगा बिनरडता गेला नाही. खालापूरच्या बायका त्याच्यासाठी रडल्या.