घरी फोन

सरमाने कढईखालचा गॅस बंद केला, वांगी अर्धी कच्चीच राहू दिली आणि पदराला हात पुसत मागच्या दाराने ती शेजारच्या झर्णाकडे गेली. नवऱ्याला काही सांगितलं नाही. संध्याकाळी बायको कुठे जाते हे निशिकांत मास्तरांना ठाऊक होतं, आणि त्यांना ठाऊक आहे हे तिलाही ठाऊक होतं. आठवडाभर दोघं हे नाटक इमानेइतबारे करत होती.

झर्णाच्या खोलीत मुंगी शिरायला जागा नव्हती. आळीतल्या बायका, त्यांचे नवरे, मिठाईवाला हारू, सगळे टीव्हीसमोर दाटीवाटीने बसले होते.

"काकीमा, पुढे या," झर्णा म्हणाली. "आज समोर कुणी वकील आहे म्हणे. कोट घालून आलाय."

"कालच्या प्रोफेसरानेही घातला होता," हारू म्हणाला. "जाताना काखेत घेऊन गेला."

खोली हसली. सरमा हसली नाही. पडद्यावर तिची मुलगी आली होती.

सुदेष्णा. घरातली तुतुल. अकरा वर्षांपूर्वी ठरलेलं लग्न मोडून, आशीर्वादाच्या, म्हणजे साखरपुड्याच्या, समारंभाच्या आदल्या दिवशी ती घर सोडून कलकत्त्याला गेली. पाहुण्यांसमोर मास्तरांची मान खाली गेली ती गेलीच. हिचं नाव या घरात निघणार नाही, असं ते म्हणाले आणि ते निघालं नाही. सुरुवातीला तिचे फोन येत. मास्तर आवाज ओळखून रिसीव्हर खाली ठेवत. मग फोनही थांबले. सरमाजवळ मुलीचा नंबर नव्हता, पत्ता नव्हता. होती ती ही अर्ध्या तासाची प्रश्नमंजूषा. जो जिंकेल तो दुसऱ्या दिवशी पुन्हा येई, हरेल तो गेला. तुतुल जिंकत होती तोवर सरमाला दिसत होती. एक उत्तर चुकलं की संपलं.

त्यामुळे बाकीचे कौतुकाने बघत आणि सरमा जीव मुठीत धरून बघे. कौतुक तिलाही होतं, ऊर भरून येई इतकं होतं. ग्रहताऱ्यांपासून फुटबॉलपर्यंत काहीही विचारा, पोरगी घंटा वाजवून मोकळी. शिकवलं मास्तरांनीच होतं, रोज जेवताना, ताटावर नकाशे काढून. पण सरमाला साडीचा ढिला फॉलही दिसे, कानाजवळचे पांढरे केसही दिसत. ते पांढरे झाले तेव्हा आपण तिथे नव्हतो, हे तिला सहन होत नसे.

जिंकली की झर्णा शंख फुंके. तोही मास्तरांच्या खिडकीकडे तोंड करून.

"अहो, ऐकू जाऊ दे की बापाला," ती म्हणे. "दगड आहे का तो?"

आज वकील चिवट निघाला. शेवटच्या प्रश्नाला दोघं बरोबरीत आले. प्रश्न सुदेष्णाचा होता. निवेदकाने तो सावकाश वाचला. नवद्वीपजवळ भागीरथीला कुठली नदी मिळते, की जिथून पुढे तिला हुगळी म्हणतात?

"जलंगी!" अख्खी खोली एका आवाजात म्हणाली. जलंगी त्यांच्या कृष्णनगरच्या अंगणातून वाहते. तिच्यात पोहायला शिकलेलं पोर हे झोपेतसुद्धा सांगेल.

सुदेष्णा गप्प होती.

"अगं बोल ना," हारू कळवळला. "आपली नदी गं!"

"डोकं बंद पडलं पोरीचं," झर्णा म्हणाली. "होतं असं दिव्यांखाली."

सुदेष्णाने मान वर केली. "मला घरी फोन करायचा आहे," ती म्हणाली.

खेळात ती सोय होती. अडलं तर एकदाच घरच्या माणसाला विचारायचं. इतक्या दिवसांत तिने ती वापरली नव्हती. तिने नंबर सांगितला. तो सरमाच्याच घरचा नंबर होता.

स्टुडिओत घंटा वाजू लागली. शेजारच्या घरात काही वाजलं नाही, कारण चित्रीकरण आधीचं होतं, हे सगळं महिन्यापूर्वीच होऊन गेलेलं होतं. सरमाला ती दुपार आठवली. ती गच्चीवर सांडगे घालत होती. खाली फोन वाजला, लगेच बंद झाला. कोण होतं म्हणून तिने वरूनच विचारलं होतं.

पडद्यावर कुणीतरी फोन उचलला.

"नमस्कार, मास्तर," निवेदक गोड आवाजात म्हणाला. "तुमची कन्या सुदेष्णा आमच्यासमोर बसली आहे. सगळा बंगाल ऐकतोय. तिला तुमची मदत—"

"रॉंग नंबर," मास्तरांचा आवाज म्हणाला. "इथे या नावाचं कुणी राहत नाही."

फोन ठेवल्याचा खट् असा आवाज आला.

निवेदक दोन-तीनदा हॅलो म्हणाला. सुदेष्णा पेल्यातलं पाणी प्यायली, तिने पेला जागेवर ठेवला.

"जलंगी," ती म्हणाली.

दिवे लखलखले, संगीत वाजलं, वकिलाने हात पुढे केला. ती जिंकली होती. झर्णाचा शंख मांडीवरच राहिला. कुणी कुणाकडे बघेना. हारूने घसा खाकरला आणि तो चपला शोधायला लागला.

सरमाला सगळं लख्ख समजलं होतं. पोरीला उत्तर येत होतं. सगळ्या बंगालसमोर तरी बाप फोन आपटणार नाही, एवढ्या आशेवर तिने तो लावला होता.

"काकीमा, थोडा चहा घ्या," झर्णा हळूच म्हणाली.

"नको गं. वांगी राहिलीत."

घरात दिवा लावलेला नव्हता. मास्तर खिडकीजवळ खुर्चीत बसले होते. खिडकी उघडी होती. सरमा त्यांच्यासमोरून स्वयंपाकघराकडे चालली. तिला भांडावंसं वाटत होतं, ताटल्या फेकाव्यात असं वाटत होतं.

"आज शंख वाजला नाही," ते अंधारात म्हणाले.

ती थांबली.

"हरली?"

महिनाभर हा माणूस याच प्रश्नावर बसून होता, हे तिला आता दिसलं. खरं सांगितलं असतं तर त्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला असता, आणि उद्यापासून घर पुन्हा पहिल्यासारखंच चाललं असतं. ती दाराच्या चौकटीला धरून उभी राहिली.

"हरली," ती म्हणाली.

त्यांनी खिडकी ओढून घेतली.

"प्रश्न अवघड होता?"

"फार. तिला काही केल्या येईना. म्हणून तर तुम्हाला विचारायला फोन लावला."

"मला आला असता?"

"तुम्हाला आला असता."

खुर्ची करकरली. मास्तर उठले, भिंत चाचपत कपाटापर्यंत गेले आणि तिथेच उभे राहिले.

"तुतुल रडली का गं?" त्यांनी विचारलं.

अकरा वर्षांत हे नाव त्या घरात पहिल्यांदाच निघालं. सरमाने तोंडात पदर कोंबला. थोड्या वेळाने काढला.

"ते मला नाही दिसलं."

"त्या टीव्हीवाल्यांकडे तिचा पत्ता असेलच की," ते म्हणाले. "जाऊन विचारलं तर हाकलून थोडीच देतील. माझा धुतलेला पंजाबी सदरा कुठे आहे? परवा निघू या. उद्या संध्याकाळी जरा हारूकडून मिठाई—"

"उद्याच," सरमा म्हणाली. उद्या संध्याकाळी शंख पुन्हा वाजला असता. "सकाळीच निघू. संध्याकाळपर्यंत या घरात थांबायचं नाही."