मोठ्या बाईंची शेवटची गोळी

पूर्ण

सूड उगवायचा तर समोरचं माणूस आधी जागं हवं. झोपलेल्याला चार शब्द सुनावून कोणाचा जीव थंड झालाय?

मोठ्या बाईंना भाच्याने वृद्धाश्रमात आणून सोडलं, तेव्हा तिथल्या सिस्टरच्या मनात हेच आलं. खुर्चीत एक गाठोडं. हनुवटी छातीवर, ओठांच्या कोपऱ्यातून लाळ, हात थरथरणारे. हीच ती इस्पितळातली मेट्रन, जिच्या चपला वाजल्या की अख्खा वॉर्ड श्वास धरायचा. हिच्याच वॉर्डात सिस्टरची आई मोडलेला खुबा घेऊन पडली होती. कपडे शिवून घर चालवणारी बाई. दुखलं की लेकीला मोठमोठ्याने हाका मारायची. लेक दूर, नर्सिंग शिकायला. मेट्रनचं म्हणणं एकच, वॉर्डात गोंगाट नको. मग गप्प करायची गोळी सुरू झाली. लेक धावत आली तोवर आई अशी गप्प झाली होती की शेवटपर्यंत तिने लेकीला ओळखलं नाही.

तेव्हापासून सिस्टर डूख धरून होती. आता देवाने ताट वाढून समोर ठेवलं, तर त्यात मीठच नाही!

"बाई, मला ओळखलंत?"

गाठोडं घोरलं.

"आत्या फार शांत असते," भाचा कौतुकाने म्हणाला. "काही त्रास नाही हो तिचा."

"ते दिसतंच आहे," सिस्टर म्हणाली.

अर्धी

डॉक्टर आठवड्याने यायचे, तेही घाईत. सिस्टरने त्यांना दारातच गाठलं. बाईंची औषधं ताटलीत मांडून तयार होती.

"ही गप्प राहायची गोळी. हिने हात थरथरतात, म्हणून ही दुसरी. दुसरीने पोट साफ होत नाही, म्हणून हे रेचक. एकीने दुसरीला बोलावलं, दुसरीने तिसरीला. नुसतं वऱ्हाड जमलंय. पण पहिली आली कशाला?"

डॉक्टरांनी जुने कागद चाळले. "कधीतरी रात्री ओरडल्या होत्या वाटतं."

"ओरडणं थांबलं. गोळी नाही थांबली. तुम्ही म्हणाल तर कमी करू. हळूहळू. मी नजर ठेवते."

"मी तेच म्हणणार होतो," डॉक्टर म्हणाले, आणि ते अगदीच खोटं नव्हतं.

एकदम बंद करणं धोक्याचं. अर्धी करायची, थांबायचं, बघायचं. झोप कशी, चाल कशी, चिडतात का, तोल जातो का. इतकी वर्षं थांबलेल्या सिस्टरला आणखी थोडं थांबणं काय जड? गोळी ती स्वतः मोडायची. कापायच्या डबीत, खट्. तो खट् तिला गोड लागायचा.

पाव

लाळ थांबली. बाईंनी चमचा आपल्या हाताने धरला. आणि पहिलं पूर्ण वाक्य बोलल्या:

"ही चादर कोणी घातली? कोपरा बघ. गाढवाने चघळल्यासारखा."

खोल्या झाडणाऱ्या मावशीने कपाळाला हात लावला. "सिस्टर, कशाला उठवलंत हो हिला! मुकी होती ती काय वाईट होती?"

भाचा आला, तर "पोट किती सुटलंय रे तुझं" एवढं ऐकून तो ढसाढसा रडला. "आत्याने ओळखलं मला! सिस्टर, तुमचे उपकार कसे फेडू?"

"सख्खी लेक करणार नाही एवढं करतात त्या," मावशी म्हणाली.

"लेकच आहे मी," सिस्टर म्हणाली. कोणाची, ते सांगितलं नाही.

नाही

शेवटचा पाव तुकडाही बंद झाला, आणि सिस्टरने खाटेजवळ खुर्ची ओढली.

"बाई, मला ओळखलंत?"

"नर्स आहेस. पिन वाकडी लावतेस."

मग सिस्टरने सगळं सांगितलं. खुबा, हाका, गोळी. बाईंनी ऐकलं, चहा संपवला.

"असेल. वॉर्डात किती आल्या, किती गेल्या. मी काय सगळ्यांच्या आया पाठ करून ठेवू?"

एवढा घाट घातला तो याच्यासाठी? सिस्टरने कप उचलला.

"हरकत नाही," ती म्हणाली. "आता डोकं साफ आहे तुमचं. आठवेल."

रोज सकाळी खुर्ची, आणि एकच प्रश्न.

"पडल्या पडल्या माझी आई काय करायची?"

"झोपायची."

"नाही."

"रडत असेल."

"नाही. उद्या विचारते."

"छळतेस का गं मला? त्यापेक्षा ती गोळी दे."

"गरज नाही तुम्हाला."

गुडघा दुखला की शेक मिळायचा. चालायला हात मिळायचा. झोप येईना तर गरम दूध, पाय चेपणं, कंटाळा आला तर व्हरांड्यातलं ऊन. गोळी तेवढी मिळायची नाही. डॉक्टर म्हणाले, अशी शुश्रूषा मी पाहिली नाही.

एका दुपारी मावशी व्हरांड्यात फाटक्या पडद्याला टाके घालत बसली होती. बाई तिच्या बोटांकडे बघत राहिल्या. बघता बघता त्यांचा चेहरा उतरला.

"तिला बोलव," त्या म्हणाल्या.

सिस्टर आली.

"शिवायची," बाई म्हणाल्या. "चादर शिवायची. हातात सुई नाही, दोरा नाही. चिमूट वर, चिमूट खाली. दिवस नाही, रात्र नाही. गोळीनेच होत होतं ते. मला कळलं होतं गं. आणि मी म्हटलं, हिचे हात थांबत नाहीत, गोळी वाढवा."

हे शेवटचं सिस्टरलाही ठाऊक नव्हतं.

"डोळे मिटले की तीच बोटं," बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज आता कोणालाही दरारा वाटावा असा नव्हता. "आठवलं ना मला? मग आता तरी दे गं गोळी."

सिस्टरने बाईंच्या मांडीवरची चादर नीट केली. कोपरा दुमडला, बाईंना लागायचा तसा, ताठ.

"आता?" ती म्हणाली. "आता तर मुळीच नाही, बाई."